वॉल्टर पापांचे वारस

—नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. इथे बसा, पंख्याखाली. वीज नाही म्हणा आत्ता, पण आली की पहिला वारा इथेच लागतो. बसा हो. आणि मघाशी गाडीतून उतरता उतरता काय म्हणालात, ते पुन्हा एकदा सांगा, मला वाटतं मी चुकीचं ऐकलं—नुसती सही? सही करायची, कागद शवागारवाल्यांच्या हातात द्यायचे, पुढचं सगळं ते बघतील, आणि तुम्ही संध्याकाळच्या विमानाने परत? आणि तोंड? तोंड नाही बघणार? सख्खा बाप शवागारात पडलाय, तुम्ही कॅनडाहून निघून पार ओवेरीपर्यंत आलात, विमानं बदलत, या उकाड्यात—आणि म्हणता, शवागाराबाहेर मी गाडीतच थांबते? काय बाई तरी!

बरं, राहू द्या. हा कोला घ्या आधी, आमच्याकडची सुपारीच समजा. नको म्हणू नका, कडू लागतो, खायचा नसला तरी हातात घ्या—दारात आलेल्या माणसापुढे आधी कोला ठेवायचा, मग बोलायचं, अशी रीत आहे आमची. फोडायला मात्र पुरुष लागतो, बाईने फोडायचा नसतो, म्हणून समोरच्या टायरवाल्याला हाक मारलीय, येईल हात पुसून. घरात पुरुष? नाही ना. नवरा जाऊन जमाना झाला. मुलगा आहे एक, आझू—मला सगळे आझूची आईच म्हणतात, माझं नाव मलाही आठवावं लागतं—तो घानात असतो, अक्रात. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, छान चाललंय. त्याचा यात काही संबंध नाही. तुम्ही विचारलं नाहीत, पण मी आपलं सांगून ठेवते.

तर पापा, तुमचे वडील. आम्ही पापाच म्हणायचो, आमच्यात पिकल्या केसांच्या माणसाला कुणी नावाने हाक मारत नाही. कसे आले ते ठाऊक आहे का तुम्हाला? भर दुपारी, जेवणाची गर्दी, बसतळावरचे सगळे ड्रायव्हर इथे बसलेले, आणि दारात हा लालबुंद गोरा म्हातारा—कोट, टाय, हातात बॅग, घामाने निथळतोय—आणि मला विचारतो, बँक कुठे आहे? मी म्हटलं, कुठली बँक? पत्ता दाखवला. पत्ता बरोबर होता हो, रस्ता आमचाच, नंबरही खरा—पण त्या नंबरावर शेजारच्या गॅरेजची भिंत आहे, आणि भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलंय, येथे लघवी करू नये. सगळी खानावळ हसली. मीही हसले, आता खोटं कशाला बोलू. कुणी दिला असेल हा पत्ता, देव जाणे. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, ते तुम्हाला माहीतच आहे—की हॅल्वर्सन नावाचा कुणी इंजिनियर इथे मोटारीखाली मेला, बँकेत ढीगभर पैसा ठेवून मेला, मागेपुढे कुणी नाही, तुमचंही आडनाव हॅल्वर्सन, तेव्हा तुम्हीच वारस म्हणून उभे राहा, फक्त आधी ही फी भरा, मग तो शिक्का, मग वकिलाचं, मग सहीवाल्या साहेबाचं—स्वतःला बॅरिस्टर म्हणवणारा कुणी रोज ईमेल करायचा, फोनही करायचा, आणि पापा रोज भरायचे. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, पापा, मागेपुढे कुणी नसलेला माणूस? आमच्या इग्बो लोकांत? अहो, इथे एखादा वेडा रस्त्यात मरून पडला तरी चाळीस माणसं भावकी म्हणून उभी राहतात आणि बकऱ्याच्या वाटणीवरून भांडतात! असला ईमेल आमच्या इथल्या कुणाला धाडला असता तर तो पहिल्या ओळीलाच म्हणाला असता, चल चालू लाग. पण तुमच्याकडे खरंच मरतात म्हणे माणसं अशी. एकटी. म्हणून खपतं ते तुमच्याकडे.

मी सांगून टाकलं, बँक नाही, बॅरिस्टर नाही, पैसाही नाही, पाणी प्या आणि घरी जा. ते पाणी प्यायले. घरी नाही गेले. मागची खोली रिकामी होती, म्हटलं दोन दिवस राहा. मग माझा जनरेटर बंद पडला. झालं! कोट काढला, बाह्या वर केल्या, जमिनीवर पालथे पडून तासभर काय काय केलं, आणि मेला जनरेटर असा गुरगुरायला लागला, जसा नवा असताना गुरगुरला नव्हता. मग शिवणवाली आपला घेऊन आली, मग न्हावी, मग चर्चचा पास्टर—इथे विजेचं हे असं, घरटी जनरेटर आणि घरटी रडारड—आठवड्याभरात अख्ख्या रस्त्याला ते हवे झाले. पापा जनरेटर! पोरं लांबून ओरडायची, पापा जनरेटर, आणि हे हात हलवायचे. तुम्ही हसलात का? नाही? मला वाटलं हसलात. तिकडे ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं ना त्यांचं? सांगायचे ते. तुमच्याबद्दलही सांगायचे, मार्गोला लहानपणी पान्यांचे सगळे नंबर पाठ होते म्हणून.

आणि जेवायचे कसे! यामच्या कंदाचा गोळा हाताने तोडून, सूपमध्ये बुडवून—आधी आधी डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण ताटलीत काही ठेवायचे नाहीत. तिथे, त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी. एकदा तर काय गंमत झाली—ते आणि आझू समोरासमोर बसलेले, आझू नेहमीसारखा मान खाली घालून, पापा आल्यापासून या पोराची जीभच कुणी काढून घेतली होती, हो आणि नाही, त्यापलीकडे शब्द नाही, तेही घोगऱ्या आवाजात, घसा बसलाय म्हणायचा, मी म्हणायची अरे इतके दिवस कसला घसा बसतो, औषध घे—तर पापा सूप चाखतात, थांबतात, आणि मान वर न करता अगदी सहज म्हणतात, “बॅरिस्टर, जरा मीठ सरकवा इकडे.” आणि आझूने सरकवलं! मी अशी हसले, अशी हसले—

म्हणजे... गंमत हो ती. आझूला इथे सगळेच बॅरिस्टर म्हणतात. लहानपणापासून. वाद फार घालायचा म्हणून.

असं बघू नका माझ्याकडे.

हो, तेव्हा इथेच होता तो. घानात नंतर गेला. मेली ही जीभ माझी, सकाळपासून हिला बजावत होते. मलाही तेव्हाच कळलं, बाई, आईची शपथ, हसता हसता कळलं—हसू तोंडातच राहिलं आणि पळी घेऊन मी त्याच्या अंगावर धावले, चारचौघांत, गिऱ्हाइकांसमोर. हात कुणी धरला माझा? तुमच्या वडिलांनी. म्हणाले, राहू दे, सूप गार होतंय. आणि नंतर भांडी घासताना माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, बाईसाहेब, या पोराने रोज सकाळी फोन करून मला विचारलंय, झोप लागली का, बर्फ किती पडलं, गुडघा कसा आहे. बायको गेल्यापासून दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. पैसे उकळायला विचारत होता, हे मला मधेच कधीतरी कळलं होतं, पण सकाळ झाली की मी वाट बघायचो.

तुम्हाला लागावं म्हणून नाही सांगत. लागलं ना? लागणारच. मला लागलं नसेल? माझ्या पोराने माझा गुडघा कधी विचारला नाही.

पैसा कुठे गेला म्हणता... कुठे जातो असला पैसा? गाडी घेतली, गाडी ठोकली. दोस्तांच्या लग्नांत नाचणाऱ्यांच्या कपाळाला नोटा चिकटवल्या. आणि हे... वर बघू नका. हो, पत्रे नवे आहेत. मी विचारलं नव्हतं कुठून आणलेस. आई आहे मी, पोराने छप्पर घातलं तर मी गल्लीत मिरवले. आणि पापा पाऊस आला की इथेच बसून म्हणायचे, छप्पर चांगलं आहे हं, थेंब गळत नाही. त्यांना माहीत होतं की नाही, मी आजवर स्वतःला विचारते. माहीत असणार. ते सगळं माहीत असून जेवणारे गृहस्थ होते.

नाही, पोलिसांत नाही गेले ते. आझूला त्यांनी काय शिक्षा दिली ठाऊक आहे? कार्बुरेटर साफ करायला बसवलं. रोज. काळ्या हातांनी घरी यायला लागला माझा मुलगा, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या हाताला काहीतरी खरं लागलं होतं, एवढं मात्र मी म्हणेन. पापांच्या परतीच्या तिकिटासाठी दोघं मिळून जमवत होते, खरंच जमवत होते. मग पावसात ताप आला. आम्ही मलेरियाचं औषध दिलं, इथे प्रत्येक ताप मलेरियाच असतो, आणि डॉक्टर म्हणाला छातीत पाणी झालंय. मग... मग काय. मागच्या खोलीतच जीव सोडला. माझा हात हातात होता.

आणि तेव्हापासून आहेत शवागारात, बर्फात. थंडीची सवय होती, असं टायरवाला म्हणतो, त्याला वाटतं मला बरं वाटेल. पुरायचं कसं? मी भावकीतल्या म्हाताऱ्यांकडे गेले, म्हटलं माझ्या अंगणात जागा देते. ते म्हणाले, हा कुणाचा? मी म्हटलं, माझ्याकडे राहत होता. म्हणाले, राहत होता ते कळलं, कुणाचा? पहिली माती लेकराने टाकायची असते. ज्याचा त्याने यावं, तोंड बघावं, चारचौघांत ‘हा माझा’ म्हणावं, मग माती. मालकाशिवाय माणूस मातीत घालता येत नाही आमच्यात, जमीनच घेत नाही. आणि शवागाराच्या माणसाने विचारलं, नातं काय लिहू? म्हटलं, बहीण लिही. माझ्याकडे बघितलं, मग पापांकडे बघितलं, आणि लिहिलं बिचाऱ्याने. माझा पोरगा ईमेलवर जगभरच्या लोकांना मेलेल्या गोऱ्याचे वारस करत बसला, आणि खरीखुरी वारस कोण झाली, तर त्याची आई! मग मी त्यांचा पासपोर्ट लुगड्यात बांधून बसने लागोसला गेले, तुमच्या लोकांच्या कचेरीत, त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि त्यांचं पत्र गेलं तेव्हा कुठे तुम्ही आलात. म्हणून म्हणते, सही कुणीही करेल. ‘हा माझा’ असं म्हणायला मला तुम्ही हव्या आहात.

काय? एकदाही लिहिलं नाही? त्यांनी? सगळं घालवून निघून गेले आणि एका ओळीने कळवलं नाही, म्हणून तुम्ही तोंड बघणार नाही—हे कारण? हे आहे कारण? कोण म्हणतं लिहिलं नाही! लिहिलं! तापात लिहिलं, दोन माणसांनी धरून समोरच्या सायबर कॅफेत नेलं तेव्हा लिहिलं! आलं होतं तुला, पोरी, आलं होतं, आणि तू उत्तरही दिलंस—‘माझ्या वडिलांचं नाव वापरणं बंद करा, पुन्हा लिहिलंत तर पोलिसांत देईन’—आझूने मला वाचून दाखवलं...

देवा.

हे नव्हतं सांगायचं. बाकी सगळं सुटलं तोंडातून तरी हे गिळून टाकायचं, असं ठरवलं होतं मी.

नाही, त्यांना नाही सांगितलं. ते रोज विचारायचे, आलं का काही? आम्ही म्हणायचो, तिकडे बर्फ पडलंय, तारा तुटल्या असतील. रोज विचारायचे आणि रोज आम्ही तुमच्या गावात बर्फ पाडायचो. शेवटी शेवटी तेच म्हणायला लागले, खूप पडलंय यंदा.

तुझं काय चुकलं? काही नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं, याहून वाईट लिहिलं असतं. तुला काय दिसलं? ‘माझ्या परमप्रिय कन्येस, प्रभूच्या कृपेने हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा तू सर्व कुटुंबासह क्षेमकुशल असशील अशी आशा करतो, अत्यंत विश्वासाने आणि जड अंतःकरणाने तुला कळवतो की’—हेच ना? हेच. ते आझूने लिहिलं. पापांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात तापाची झापड, पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, ते सांगत होते आणि तो टाइप करत होता. आणि त्याला वाटलं, बिचाऱ्याला काही नीट लिहिता येत नाही. मी बाजूलाच बसले होते ना! मीच म्हटलं, अरे हे काय, ना देवाचं नाव, ना ख्यालीखुशाली, बाप लेकीला असं लिहितो का, जसं काही वाण्याकडे चिठ्ठी धाडली? नीट लिही, मानाने लिही. मग त्याने नीट लिहिलं. त्याला जसं नीट येतं तसं. जन्मभर त्याने एकाच तऱ्हेचे ईमेल लिहिले, दुसरं त्याला येतंय कुठे? वाचून दाखवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी म्हटलं, हे वाचून दगडाला पाझर फुटेल. पापांना वाचून दाखवलंच नाही, ते धापा टाकत होते.

खोटं काढायला बसला तर जग फसलं, आणि एकदा, एकदाच खरं लिहायला बसला...

मूळचं? मूळचं काय करायचंय आता. छोटंसं होतं. नाही, आठवतं मला, आठवणार नाही कसं—पण ते तसंच लिहिणं शक्यच नव्हतं, तू समजून घे. आमच्यात बाप लेकरासमोर ‘चुकलो’ म्हणत नाही. मेला तरी म्हणत नाही. आझू म्हणाला, आई, हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिणार नाही, म्हाताऱ्या माणसाची अब्रू जाईल, उद्या ती पोरगी आयुष्यभर बापाला टोमणे मारेल. म्हणून ते गाळलं, आणि त्या जागी घातलं, ‘मी एक प्रामाणिक आणि देवभीरू मनुष्य आहे.’ त्यांच्या मानासाठी केलं, पोरी. फसवायला नाही. एवढं एक फसवायला नव्हतं.

सांगते. माझा हात सोड, सांगते. म्हणाले—“मार्गो, तू म्हणत होतीस तेच खरं होतं. तुझा बाप गाढव निघाला. मला घरी ने.”

एवढंच. एवढंच लिही, म्हणाले.

पोरी... अगं, ऐक... काय? तू बोलली होतीस त्यांना असं? शेवटच्या भांडणात? की ज्या दिवशी म्हणाल मार्गो, तुझंच खरं, त्या दिवशी कुठेही असा, मी न्यायला... नको. नको, पुढे नको सांगू, मला ऐकवत नाही. आम्ही मान राखायला गेलो गं. आम्ही—

पुन्हा? नाही. एकदा सांगितलं ते बास. माझ्या तोंडून ते वाक्य ऐकून काय उपयोग, माझा आवाज त्यांचा नाही.

ऊठ. तो बघ टायरवाला आला, कोला राहू दे रे, आधी हिला शवागारात घेऊन जा, तुझ्याच गाडीने, आणि आत जाईपर्यंत हिचा हात धर. तिथे काही बोलायचं नाही, पोरी. चादर काढतील, तोंड बघायचं, आणि त्या लिहिणाऱ्या माणसाला सांगायचं, हे माझे वडील. मोठ्याने सांग, तो थोडा बहिरा आहे. माझं नाव खोडायला लाव आणि तुझं घाल. मग इथे पुरायचं की तिकडे न्यायचं, ते तू ठरव, कुणी तुला अडवणार नाही.

आणि परत या बाजूला येऊ नकोस. परत आलीस तर आझूचा पत्ता विचारशील, आणि आता मला तुझ्याशी खोटं बोलता यायचं नाही. जा. म्हटलं ना, जा!